परत येईन असं सांगायचं आणि परत येताच येणार नाही एवढं कर्ज काढायचं?

गडगा
ताई परवा बरक्या फणसाचे गरे घेऊन आली तेव्हाच मला कळायला हवं होतं. गरे संपले आणि विषय निघाला. भाच्याला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय, कॉम्प्युटरला. आनंदच आहे. पण पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवल्याशिवाय विद्यापीठ आय-२० हा प्रवेशाचा दाखला देत नाही, तो नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही आणि सोय म्हणजे चाळीस लाखांचं कर्ज.

ताईकडे लांज्याला कलमं आहेत, पण सातबारावर एकवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. नावं सरळ असती तरी बँक शेतजमीन तारण घेत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे हप्ते थकले तर बँकेला त्या कायद्याने ती विकता येत नाही. घर ग्रामपंचायत हद्दीत, असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीचा, उतारा बघून मॅनेजरने चहा मागवला आणि विषय बदलला. राहिला कोण? माझा रत्नागिरीतला फ्लॅट.

आता माझं म्हणणं. अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशन कायदा आहे, त्याचं कलम २१४ बी. समोर उभा असलेला माणूस तिथे कायमचा राहायलाच निघालाय असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या सर्वाधिक नकारांवर हेच कलम लागतं. अपील नाही, फी परत नाही. म्हणजे पोराने व्हिसाच्या मुलाखतीच्या खिडकीत सांगायचं की शिकून मी परत येणार. आणि बाहेर आम्ही काय करून ठेवलंय? रत्नागिरीत, पुण्यातसुद्धा, नव्या पोराच्या पगारात फिटणार नाही असं कर्ज. ते फेडायचं तर डॉलरच कमवायला हवेत. परतीची वाट आपणच बुजवायची आणि पोराला ती दाखवायला खिडकीत उभं करायचं. हे मला पटत नाही.

जेटीवरचो
गडग्यानू, रागावू नकात, पण तुमका फ्लॅट देवचो नाय इतक्याच खरा. अमेरिकेचो कायदो मधी कित्याक हाडतात? आमचो आजो गिरणीत गेलो तेवा तेच्याकडसून कोणी लिवान घेतलेला काय, परत येतलंय म्हणान? पोरगो हुशार आसा. गावात रवान काय करतलो, रिक्षा चालयतलो?

गडगा
द्यायचा नाहीये हे अर्धं खरं आहे, मान्य. पण तुमच्या आजोबांनी गिरणीत जायला घर गहाण टाकलं नव्हतं. वळकटी बांधली आणि बोटीत बसले. नोकरी सुटली तर गाव होतं. याची नोकरी सुटली तर माझा फ्लॅट जाणार.

खातेवही
बँकेत वीस वर्षं काढली, म्हणून आकडा मांडतो. चाळीस लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं : महिना सुमारे ५४ हजार. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. आणि शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने नोकरी करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी चोवीस. पण त्या पहिल्या वर्षात सगळे मिळून नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ८५ हजारच, आणि मागणारे जास्त म्हणून सोडत. तारण देणाऱ्या मामाने हे पोराला नव्हे, स्वतःला समजावून सांगावं. कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं म्हणतात, ते खरं आहे, पण त्यातून जेवण निघतं. फी निघत नाही.

दादरला उतरलेली
गडगा, कायदा अर्धाच वाचलात. विद्यार्थी व्हिसाच्या व्याख्येत शब्द आहेत ते असे : परदेशात ज्याचं राहतं घर आहे आणि ते सोडून देण्याचा ज्याचा इरादा नाही असा माणूस. आता सांगा, ही व्याख्या चाकरमान्यापेक्षा कोणाला चपखल बसते? माझे काका पंचेचाळीस वर्षं विरारला आहेत. त्यांना विचारा घर कुठे, सांगतील गुहागर. कौलं दरवर्षी शाकारतात, गणपतीला दार उघडतात, शिमग्याला पालखी दारात येते म्हणून पुन्हा उघडतात. बाकी वर्षभर कुलूप. घर सोडलं असं कोण म्हणेल? तेवीस वर्षांच्या पोराकडे मालमत्ता नसते हे त्या अधिकाऱ्यालाही कळतं. तो आज काय मनात आहे ते बघतो, दहा वर्षांनंतरचं भविष्य नाही. तुम्ही उगाच पोराला खोटारडा ठरवताय.

गडगा
काकांच्या घराला कुलूप काकांचंच आहे ना? बँकेचं नाही.

(व्याख्या मात्र झकास सापडली तुम्हाला. ताईला वाचून दाखवली, ती हसली आणि लगेच फ्लॅटवर आली.)

सुरंगी
सगळे कर्जाच्या एमएसवरच बोलताय, म्हणून लिहिते. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातली, शिरगावची. वडिलांची एक होडी, तारण द्यायला काही नाही. तीन महिने प्राध्यापकांना मेल पाठवत होते. 'आदरणीय सर, मला संधी द्या' असले नाही. त्यांचा एकेक शोधनिबंध वाचून, आपल्या खाडीतल्या कालवांवर मी काय केलंय ते दोन परिच्छेदांत. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. अमेरिकेतल्या एकाकडे कालवांच्या हॅचरीचं, म्हणजे बीज तयार करण्याच्या केंद्राचं, अनुदान होतं. पीएचडीला असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच काम, मिळाली, फी माफ आणि वर महिन्याचे पैसे. अशा आर्थिक मदतीच्या ऑफरला होकार द्यायला तिथल्या बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, त्याआधी घाई करायला लावली तर घाबरू नका, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. कालवंच का, असं विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे बायका ओहोटीला खडकावरची कालवं फोडून काढतात, त्यांची शेती करता येते का ते शिकायचंय. परत येणार का, हा प्रश्न आलाच नाही. तेव्हा विचारलं असतं तर हो म्हटलं असतं आणि ते खरंच असतं. आज, चौथ्या वर्षी, विचाराल तर माहीत नाही.

खातेवही
सुरंगीताई, हे उत्तम. पण कॉम्प्युटरच्या एमएसला असं फुकट क्वचितच मिळतं.

गडगा
सुरंगी, तुमचं कौतुक आहे. पण तोही भरवसा राहिलेला नाही. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने संशोधनाची कितीतरी अनुदानं मधेच रद्द केली. त्याच वर्षी मेअखेर विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणं थांबवलं, जूनमध्ये पुन्हा सुरू केलं ते सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवा या अटीवर. आमच्या शेजारच्या मुलीची झोप उडाली होती. ज्या देशाचे नियम असे रातोरात फिरतात, तिथल्या पगारावर दहा वर्षांचे हप्ते बांधायचे?

जेटीवरचो
नियम खयं फिरनत नाय? हय हायवे कधी पुरो होतलो ता सांगा आधी. बोटी बंद झाल्यो, गिरण्यो बंद झाल्यो, तरी मान्सा गेलीच मां? साचलेला पानी कोणी पीत नाय.

सुरंगी
एक विचारू? भाच्याला कोणी विचारलंय का? धाग्यात मामा, ताई, बँक, आजोबा सगळे बोलले.

गडगा
विचारलं. तो म्हणाला, "मामा, दोन वर्षं तिथे, तीन वर्षं नोकरी, कर्ज संपवतो आणि मग बघू." हे 'मग बघू' खिडकीत बोलू नकोस म्हटलं, तर म्हणाला, "मग खोटं बोलू?" मला उत्तर सुचलं नाही. मीच मुद्दा काढला होता आणि मीच अडकलो.

गडगा (पाच आठवड्यांनी)
कागद दिले. मत तेच आहे, पण ताई आईची शपथ घालते तेव्हा मत कोण विचारतो. चाळीसचे बत्तीस केले, बाकीचे भावोजींच्या भविष्यनिर्वाह निधीतून. आय-२० आला, सेविसचे, म्हणजे विद्यार्थी नोंदणीचे, ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ भरले, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज मी शेजारी बसून भरून घेतला. त्यात वीज दोनदा गेली. बोटांचे ठसे बुधवारी, मुलाखत गुरुवारी मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकेच्या वकिलातीत. मंगळवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवतोय. आणखी काय सांगू त्याला?

दादरला उतरलेली
मोबाइल आत नेता येत नाही, तो माझ्या काकांकडे ठेवून जाऊ दे. आणि तुम्ही सोबत जाऊ नका. तुम्ही गेटवरही वाद घालाल.