नानजिंगच्या विद्यापीठात शिकवायला जाते आहे : वर्गातील शांतता आणि रोजचा दिवस

अनुजा_गणित :
येत्या सप्टेंबरपासून मी चीनमधील नानजिंग शहरातल्या एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून गणित शिकवण्यासाठी रुजू होत आहे. झेड व्हिसाचे, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसाचे, सोपस्कार मार्गी लागले आहेत आणि राहण्याची सोय आवारातच, परदेशी शिक्षकांच्या इमारतीत झाली आहे. चिनी भाषा मात्र मला नमस्कार आणि आभार यांपलीकडे येत नाही. तिथे शिकवून आलेले एक स्नेही सांगतात की प्रश्न विचारला की सगळा वर्ग खाली मान घालतो. दहा वर्षे मी प्रश्नोत्तरांतूनच शिकवत आले आहे, त्यामुळे मला याच गोष्टीची सर्वांत जास्त धास्ती वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

शिआनवासी :
मी चीनमधल्याच शिआन शहरात चार वर्षे शिकवले. तुमच्या स्नेह्यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्या शांततेचा अर्थ 'येत नाही' किंवा 'रस नाही' असा कृपया लावू नका. चाळीस वर्गमित्रांदेखत चुकण्याचा संकोच जितका असतो, तितकाच आपण पुढे पुढे करतो आहोत असे दिसण्याचाही असतो. पहिल्या सत्रात माझ्या एका तासाला दुसऱ्या रांगेतली एक मुलगी काहीच बोलली नाही. मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीत ती टेबलापाशी आली आणि तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. शब्दकोश पाहून, दोनदा खोडून तिने इंग्रजीत प्रश्न लिहिला होता, आणि त्या प्रश्नाने माझ्या मांडणीतली एक पायरी सुटली असल्याचे दाखवून दिले. त्या दिवसापासून मी प्रश्न फळ्यावर लिहून शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटे देऊ लागलो आणि उत्तर एकट्याला न विचारता जोडीला विचारू लागलो. महिन्याभरात वर्ग बोलता झाला. त्या सुट्टीत खोली सोडून जाऊ नका, खरी शंका तेव्हाच येते. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी असतो, त्याला 'बानझांग' म्हणतात. त्याच्याशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या, कारण वीचॅट या तिथल्या संदेश-ॲपवरचा वर्गाचा गट सहसा तोच सांभाळतो.

यांगत्सेकाठी :
मी नानजिंगमध्येच आहे, म्हणून व्यवहाराचे सांगतो. पोहोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे निवासाची नोंद व्हावी लागते आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. यात विद्यापीठाचे परदेशी कर्मचारी कार्यालय मदत करते. दुपारी १२ ते २ या वेळेत कार्यालयांत बहुधा कोणी भेटत नाही, कारण जेवणानंतरची वामकुक्षी तिथे मनापासून पाळली जाते. खानावळीत रात्रीचे जेवण पाचच्या सुमारास सुरू होते आणि सातनंतर गेल्यास फारसे काही उरलेले नसते.

हिवाळ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला इमारती उबदार ठेवण्याची सरकारी केंद्रीय व्यवस्था असते. नानजिंग दक्षिणेला येते, त्यामुळे जानेवारीत वर्गात मुले जाड कोट घालूनच बसतात आणि प्रत्येकाच्या बाकावर गरम पाण्याचा फ्लास्क असतो. आल्या आल्या विजेवर चालणारे पांघरूण घ्या.

अनुजा_गणित :
दोघांचेही मनापासून आभार. जोडीने विचारण्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात वापरून पाहीन. सुट्ट्यांचे वेळापत्रक आधी मिळते का?

यांगत्सेकाठी :
सरकारी सुट्ट्यांची यादी वर्ष सुरू होण्यापूर्वी जाहीर होते, पण मेख वेगळीच आहे. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून मिळणाऱ्या सलग सुट्टीसाठी शनिवार-रविवारचे काही दिवस कामाचे ठरवले जातात, आणि त्या रविवारी नेमक्या कोणत्या वाराचे तास घ्यायचे ते विद्यापीठ स्वतंत्रपणे कळवते. ही सूचना चिनी भाषेत आणि कधी कधी दोनच दिवस आधी येते. माझा एक तास असाच चुकला होता आणि विद्यार्थी अर्धा तास वाट पाहत बसले होते, याचे मला आजही वाईट वाटते. सप्टेंबर संपण्यापूर्वी बानझांगला विचारून घ्या.

शिआनवासी :
एक राहिले. गूगलच्या सेवा तिथे बंद आहेत, म्हणून टिपणे आणि प्रश्नसंच निघण्यापूर्वीच संगणकावर उतरवून घ्या. प्रथम वर्ष मिळाले असेल, तर त्यांचे लष्करी प्रशिक्षण संपेपर्यंत तास सुरू न होण्याची शक्यता आहे. आणि १० सप्टेंबरला तिथला शिक्षक दिन असतो. १९८५ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी वर्गात गप्प बसणारी मुलेही 'लाओशी', म्हणजे गुरुजी किंवा बाई, अशी हाक घालून संदेश पाठवतात. प्रत्येकाला नावानिशी उत्तर द्या.