पाच वर्षांची सिंगल माल्ट : पैसा वसूल की नुसता धूर?

गोदाकाठ (नांदेड)

मंडळी, वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय. माझं म्हणणं असं, की खिसा बघून सिंगल माल्ट स्कॉच (एकाच डिस्टिलरीत नुसत्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवापासून, केलेली स्कॉटलंडची व्हिस्की) घ्यायची असेल तर बारा वर्षांच्या, 40 टक्के अल्कोहोलच्या गुळगुळीत बाटलीपेक्षा पाच ते आठ वर्षांची पण चढ्या ताकदीची बाटली घ्यावी. चवीच्या मानानं तीच स्वस्त पडते.

आपल्याकडं वाईन शॉपात एक काचेचं कपाट असतं, त्याला कुलूप. आत ग्लेनफिडिक 12, ग्लेनलिव्हेट 12, नशीब जोरावर असलं तर आणखी एखादी. आपण 15 कडं बघून हळहळतो आणि 12 घेऊन घरी येतो. पण तो आकडा सांगतो काय? 2009 च्या स्कॉच नियमांप्रमाणे दारू स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिपात, किमान तीन वर्षं ठेवावी लागते. पीप 700 लिटरपेक्षा मोठं चालत नाही. आणि बाटलीवर वय छापायचं असेल तर आतल्या सगळ्यात कोवळ्या दारूचं छापायचं. म्हणजे 12 हे किमान वय झालं, चवीचे मार्क नव्हेत. तीन वर्षांच्या अटीचं मूळही चवीत नाही. 1915 साली, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनचे मंत्री लॉइड जॉर्ज यांना कारखान्यातल्या कामगारांचं पिणं आवरायचं होतं. तेव्हा आधी दोन वर्षांची सक्ती आली, 1916 पासून ती तीन झाली.

आता पैशाकडं या. तिकडच्या थंडीतसुद्धा पिपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते. पाच वर्षांत दहाएक टक्के, बारा वर्षांत जवळपास पाचवा हिस्सा. वर गोदामाचं भाडं आणि अडकून पडलेलं भांडवल. हे सगळं बाटलीच्या भावात येतं, आणि त्या भावावर आपलं सरकार दीडशे टक्के सीमाशुल्क लावत आलंय. तिकडं शंभर रुपये जास्त पडले की इथं अडीचशे होतात, राज्याचा कर वेगळाच. जुन्या दारूचा वाढीव खर्च असा गुणून आपल्या गळ्यात पडतो.

धुराची आवड असेल तर मग विषयच संपला. पीट (दलदलीतली कुजलेल्या झाडपाल्याची माती) जाळून सुकवलेल्या माल्टचा धूर पिपात वर्षागणिक मवाळ होत जातो. आर्डबेग डिस्टिलरीची वी बीस्टी पाच वर्षांची, 47.4 टक्के. पहिल्या घोटाला मिरी आणि डांबर, चमचाभर पाणी घातलं की मागून व्हॅनिलाचा गोडवा. लागावुलिननं 2016 मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून आठ वर्षांची, 48 टक्क्यांची बाटली काढली, ती इतकी चालली की कायमचीच ठेवली. हुरडा कोवळा आहे म्हणून कोणी ज्वारीपेक्षा स्वस्त देतं का? उलट त्या कोवळेपणासाठीच आपण गाडी काढून शेतावर जातो.

बोला आता.

लोखंडी_जालना

हुरड्याचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय, मालक. कोवळा असून महाग! माझा मुद्दा तोच आहे.

तुम्ही कंपनीचा खर्च मोजला, कंपनीचा भाव कुठं मोजला? खर्च कमी आला म्हणून भाव कमी करायला त्या काय धर्मादाय संस्था आहेत? ब्रुकलॅडी डिस्टिलरीची धुरकट ऑक्टोमोर बघा. बहुतेक वेळा पाच वर्षांचीच असते आणि भाव कित्येक पंधरा वर्षांवाल्यांना खाली बसवतो. का, तर नाव झालंय, माल थोडा आहे, ताकद जास्त आहे. वाचलेल्या वर्षांचा पैसा गिऱ्हाइकाकडं येतच नाही, तो तिकडच्या तिकडंच मुरतो.

दुसरं. बाटली, बूच, खोकं, जहाजाचं भाडं, इथल्या वितरकाचा वाटा हे पाचला जेवढं तेवढंच बाराला. त्यात सिंगल माल्टची बाटली 2012 पासून स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. ब्लेंडेड स्कॉच (माल्टमध्ये इतर धान्यांची व्हिस्की मिसळलेली) टँकरनं आणून इथं बाटलीत भरता येते, म्हणून ती परवडते. सिंगल माल्टला ती वाट बंद. म्हणजे आपण जे मोजतो त्यात पिपातल्या वर्षांचा हिस्सा लहान आणि बाकी लटांबर मोठं. थोडक्यासाठी सात वर्षं सोडायची? मी नाही सोडणार.

परभणीकर_पक्का

जगात जर्मनी, भारतात परभणी! आमच्या गल्लीतल्या दुकानात सिंगल माल्टची एकच बाटली आहे आणि ती आम्ही कॉलेजात होतो तेव्हापासून तिथंच आहे. आता ती अठरा वर्षांची झाली असं धरायचं का?

गोदाकाठ (नांदेड)

@परभणीकर नाही रे बाबा. काचेत वय वाढत नाही, पिपातून निघाली त्या दिवशी मोजणी थांबली. बूच मात्र म्हातारं झालं असणार, उघडताना गाळणी जवळ ठेव.

@लोखंडी भाऊ, ऑक्टोमोर म्हणजे शौकिनांचा माल, ती सोडा. आणि ताकद तुम्ही हिशोबातच धरली नाही. 750 मिलीची 50 टक्क्यांची बाटली घरी पाणी घालून 40 वर आणली तर 937 मिली होते. 40 वाल्या बाटलीत ते पाणी कंपनीनं आधीच घातलंय आणि त्या पाण्यावरही तुम्ही सीमाशुल्क भरताय.

वाळूजची_पाळी (छत्रपती संभाजीनगर)

मी बिअरवाला माणूस, माल्ट रोज हाताखालून जातो. दोघंही एक गोष्ट सोडून बोलताय, ती म्हणजे पीप.

वय किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पीप कितव्यांदा वापरलंय? बर्बनचं (अमेरिकन व्हिस्कीचं) साधारण 200 लिटरचं पीप पहिल्यांदा स्कॉच भरायला घेतलं तर चार-पाच वर्षांत रंग, व्हॅनिला, नारळ सगळं देऊन मोकळं होतं. तेच तिसऱ्या-चौथ्यांदा भरलं तर बारा वर्षांनीसुद्धा आतली दारू फिकी निघू शकते. मग तो फिकेपणा झाकायला कॅरॅमलचा रंग घालतात, स्कॉचला त्याची मुभा आहे. म्हणून नुसता आकडा बघू नये, इथपर्यंत गोदाकाठ बरोबर.

पण त्यांनी उदाहरणं कुठली दिली? दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, दोन्ही धुरकट. हा योगायोग नाही. धूर कच्चेपणा झाकतो. नव्या दारूला भिजल्या धान्याचा, नेलपॉलिशचा, कधी गंधकाचा वास असतो. लाकूड त्याच्यावर गोडवा चढवतं, पण तो वास घालवायला वेळच लागतो. जिम स्वान नावाच्या जाणकारांनी वाईनची पिपं आतून तासून, भाजून, पुन्हा जाळून वापरायची रीत रुजवली. त्यानं नव्या डिस्टिलऱ्यांची कोवळी दारू लवकर प्यायजोगी झाली हे खरं. तरी बिनधुराची पाच वर्षांची स्कॉच कोरी घेऊन बघा. जिभेच्या टोकाला चटका बसतो आणि घोट गेल्यावर मागं काही उरत नाही. बारा वर्षांत जे येतं ते त्या मागच्या चवीत येतं. म्हणून तुमचा नियम फक्त धूरवाल्यांना लागू. सगळ्या कोवळ्या माल्टला लावू नका.

गोदाकाठ (नांदेड)

सर, मग इटलीचं काय करायचं? ग्लेन ग्रँट पाच वर्षांची, हलकी, धुराचा लवलेश नाही. साठच्या दशकापासून इटलीत तीच स्कॉच म्हणून लोकांच्या घरात गेली. सगळा देश काय चटके खायला बसला होता?

वाळूजची_पाळी (छत्रपती संभाजीनगर)

इटलीत जेवणाआधी थंड करून, सोडा घालून घेत असतील तर चालेलच की! तुम्ही म्हणालात चवीच्या मानानं स्वस्त. सोड्यात चव कुठं शोधणार? आणि तिथं ती खरोखरच स्वस्तात मिळायची. इथं ती स्वस्त आहे का, ते लोखंडी भाऊंनी सांगितलंच.

मांजराकाठची (लातूर)

इतके पुरुष इतकं बोलले आणि बाटली घरी आल्यावर तिचं काय होतं हे कोणीच बोललं नाही.

आमच्याकडं एक बाटली सहज वर्षभर पुरते. नवरा आणि मी, शनिवारी एखादा पेग, तोही दर शनिवारी नाही. लातूरचा मे महिना, वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, आणि कपाट तिथंच. अर्धी रिकामी बाटली अशा उन्हाळ्यात टिकत नाही. आत हवा जास्त, उष्णता जास्त. वास आधी बसतो, मग चव सपाट होते. आमच्या धुरकट बाटलीचा धूर दिवाळीपर्यंत अर्ध्यावर आला होता. 12 वाली शेरी वाईनच्या पिपातली होती, ती त्याच कपाटात बरी राहिली. सगळ्यांचा अनुभव हाच असेल असं नाही. पण कोवळ्या धुरकट बाटलीची सगळी किंमत त्या धुरात असेल आणि तोच उडाला, तर वसूल काय झालं? हळू पिणाऱ्यानं उरलेली दारू छोट्या बाटलीत काठोकाठ भरून खालच्या खोलीत, अंधारात ठेवावी. उभी ठेवावी, आडवी नाही, नाहीतर दारू बूच खाते.

आणखी एक. आपल्याकडं सिंगल माल्ट निम्म्या वेळा दुसऱ्याला द्यायला घेतात. व्याही, साहेब, मुंबईहून आलेला दीर. खोक्यावर 5 बघितल्यावर व्याह्यांचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांपुढं आणा. तुम्ही त्यांना लॉइड जॉर्जची गोष्ट सांगत बसणार का?

परभणीकर_पक्का

ताई, व्याह्यांना आकडा नसलेली द्यायची. प्रश्नच मिटला.

वाळूजची_पाळी (छत्रपती संभाजीनगर)

खरी मेख तिथंच आहे. ग्लेनलिव्हेटनं 2015 मध्ये फाउंडर्स रिझर्व्ह आणली, वयाचा आकडा नाही, आणि काही देशांत ती 12 च्या जागेवर नेऊन बसवली. नाव भारदस्त, आत किती कोवळी ते कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा पाच म्हणून छापणारी वी बीस्टी शंभर पटीनं प्रामाणिक. ब्रुकलॅडीची क्लासिक लॅडीही बिनआकड्याची, पण बाटलीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकला की कुठल्या सालची, कसली पिपं वापरली ते दिसतं. 50 टक्के, रंग घालत नाहीत. गोदाकाठांना उदाहरण द्यायचंच होतं तर हे द्यायचं होतं, बिनधुराचं आहे. बघा, मीच तुमच्या बाजूनं बोलायला लागलो.

तेरणेचा_काका (धाराशिव)

पोरांनो, स्कॉटलंड सोडा की जरा. बंगळुरूच्या अमृतनं 2004 मध्ये ग्लासगोत, त्यांच्याच अंगणात, आपली सिंगल माल्ट नेऊन ठेवली. गोव्याची पॉल जॉन आहे. सीमाशुल्काची भानगड नाही. बंगळुरूच्या हवेत पिपातून वर्षाला दहा-बारा टक्के उडतं, पण लाकूडही तितक्याच झपाट्यानं काम करतं, चार-पाच वर्षांत माल तयार. तुम्हाला कोवळी, दणकट आणि परवडणारी हवी ना? मग ती विमानानं आणायची काय गरज? आमच्या वेळी परमिट रूममध्ये स्कॉच म्हणून काय ओतायचे ते आमचं आम्हाला माहीत. तुम्हाला निवड आहे तर डोकं वापरा.

गोदाकाठ (नांदेड)

काका, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही, अमृत फ्यूजन घरात आहे. 50 टक्के, वयाचा आकडा नाही, थोडा धूर, आणि बारा वर्षांच्या कैक बाटल्यांपुढं उभी राहते. पण यानं माझंच म्हणणं पक्कं होतं, की वर्षं मोजून चव कळत नाही. फक्त तिला स्कॉचच्या जागी धरू नका. उष्ण हवेत लाकूड पुढं येतं. धान्य आणि समुद्री धूर कोरा हवा असेल तर तिकडचीच लागते.

लोखंडी_जालना

ब्रिटनबरोबरच्या कराराचं कोणी काढलं नाही. जुलै 2025 मध्ये सह्या झाल्या. त्यात लिहिलंय की लागू होताच दीडशेचे 75 टक्के आणि दहाव्या वर्षी 40. आता गोदाकाठांचंच गणित लावा. 75 च्या हिशोबानं तिकडचे शंभर इथं अडीचशेऐवजी पावणेदोनशे होणार. म्हणजे जुन्या दारूचा वाढीव खर्च आपल्याला कमी टोचणार. कर उतरला की 12 आणि 15 जास्त परवडायला लागतील, 5 वाली नाही. तुमचा सगळा युक्तिवाद त्या दीडशे टक्क्यांवर उभा आहे, मालक.

गोदाकाठ (नांदेड)

निम्मा उभा आहे, निम्मा चवीवर. आणि करातली सूट दुकानातल्या कपाटापर्यंत पोचते की वाटेतच जिरते ते बघू. कंपन्या धर्मादाय नाहीत असं तुम्हीच वर म्हणालात.

कयाधूकाठ (हिंगोली)

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. साधा प्रश्न : भाचा दुबईहून येतोय, ड्युटी फ्रीतून दोन लिटर आणता येते. काय सांगू?

गोदाकाठ (नांदेड)

वी बीस्टी. लागावुलिन 8 दिसली तर ती. करच नाही म्हटल्यावर बिनधास्त.

लोखंडी_जालना

करच नाही म्हटल्यावर 12 सोडून 5 कशाला? 15 सांग!

मांजराकाठची (लातूर)

कोणासाठी आहे ते आधी सांगा.

कयाधूकाठ (हिंगोली)

एक लिटर सासऱ्यांच्या साठीला. एक लिटर माझी.

गोदाकाठ (नांदेड)

सासऱ्यांना खुशाल 15 दे, त्याबद्दल वाद नाही. तुझ्या लिटराचं बोल.

वाळूजची_पाळी (छत्रपती संभाजीनगर)

त्याचं लिटर धुरकट असेल तर आधी मित्राकडे एक पेग घेऊन बघायला सांगा. पहिल्यांदाच आयलाची घेतलेल्या निम्म्या लोकांना ती दवाखान्यासारखी लागते. मग ते लिटर गोदाकाठांकडं नांदेडला जाईल, आणि माझा संशय आहे की त्यांचा बेत तोच आहे.