'ट्रायम्फ ऑफ द विल' आज बघताना

"आज हा सिनेमा कंटाळवाणा वाटतो, तेव्हा लोक भुलले कसे?" असं तुम्ही विचारलंय. मला मात्र हा नाझी प्रचारपट बघताना उलटाच अनुभव आला. ढगांतून हिटलरचं विमान उतरतं, खाली न्युरेंबर्ग, रस्त्यावर हात उंचावलेली माणसं, आणि सगळा इतिहास माहीत असूनही पाच मिनिटांत मी त्या लयीत ओढला गेलो, त्याचीच भीती वाटली. दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टालने झेंड्याच्या खांबाला लिफ्ट लावून कॅमेरा वर नेलाय, तिथून माणसांची नुसती नक्षी होते, चेहरे उरतच नाहीत.

पण तारखा लक्षात ठेवून बघा. सिनेमातला नाझी पक्षाचा मेळावा सप्टेंबर १९३४ चा, म्हणजे एसए या पक्षाच्या निमलष्करी दलाचा प्रमुख एर्न्स्ट ऱ्योम आणि इतर कितीतरी जणांना हिटलरने ठार करवून जेमतेम दोन महिने झालेले, आणि तो त्याच एसएच्या माणसांसमोर उभा राहून बोलतोय. पुढच्याच वर्षी ह्याच शहरात ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे कायदे झाले.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो तंबूंच्या सीनचा. हसत दाढी करणारी, एकमेकांवर पाणी उडवणारी पोरं, किती साधी दिसतात हो! पाचच वर्षांत युद्ध सुरू झालं.