मदत हवी आहे: थिसलगॉर्मच्या रेकवर (बुडालेल्या जहाजावर) डाइव्हला 12 लिटरची हवेची टाकी पुरेल का?

गमबूट: इजिप्तमधल्या शर्म अल शेखहून थिसलगॉर्मला दोन डाइव्ह करायच्या आहेत. आम्ही दोघं, दोघांचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, पण आजवरच्या डाइव्ह मालवण आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडच्या, म्हणजे उथळ. हवेचा खर्च पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर. बोटीवर 12 लिटरची टाकी, 200 बार. 15 लिटरची टाकी आणि नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा), दोन्हीचे जादा पैसे. एकच घ्यायचं तर काय घ्यावं?

उधाण: नायट्रॉक्स 32, म्हणजे 32 टक्के ऑक्सिजन. वेळ वाढतो.

ओहोटी: वाढतो तो नो-डेकोचा वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येतं तेवढा), टाकीतला वायू तेवढाच राहतो. 28 मीटरला दाब 3.8 बार, म्हणजे मिनिटाला 76 लिटर. जोडीदाराची हवा संपली तर दोघांना एका टाकीवर वर यायला (घाबरल्यावर प्रत्येकी 30 लिटर धरा, 5 मीटरला 3 मिनिटं थांबा) साधारण 900 लिटर लागतात. 12 लिटरच्या टाकीत ते 75 बार, 80 धरा. उरलेल्या 120 बारमध्ये तळाशी 19 मिनिटं. साध्या हवेवर 30 मीटरला नो-डेकोची मर्यादाच 20 मिनिटं, तेव्हा नायट्रॉक्सचे पैसे पहिल्या डाइव्हला पाण्यात. 15 लिटरला तोच हिशोब 27 मिनिटं देतो आणि तिथे नायट्रॉक्स कामाला येतं. एकच घ्यायचं तर मोठी टाकी. दोन्ही घेतलंत तर ऑक्सिजनच्या दाबाच्या 1.4 बारच्या मर्यादेने 33 मीटरखाली जाऊ नका.

गमबूट: आणि आत शिरावं का?

सुकाणू: पहिली डाइव्ह बाहेरूनच. तिथे एका वेळी चारपाच बोटी असतात आणि प्रत्येकीचा दोर खाली गेलेला असतो. खाली पोचताच आपला दोर कशाला बांधलाय ते नीट बघून ठेवा, परतताना सगळे दोर सारखेच दिसतात. वरच्या थरात करंट जोरात असतो, दोरावरचा हात सोडू नका. दोर सापडलाच नाही तर शोधत हवा जाळू नका; मार्कर बॉय (बोटीला दिसणारा तरंगता फुगा) सोडून वर या.

दुसऱ्या डाइव्हला पुढचे 1 आणि 2 नंबरचे होल्ड, म्हणजे मालाचे कप्पे. वरून उजेड येतो, बाहेरची वाट दिसत राहते. ट्रकच्या हौद्यात मोटारसायकली ओळीने उभ्या आहेत. फिन्स बेडकासारखे मारा. वरखाली मारलेत की गाळ उठतो आणि मागच्याला काही दिसत नाही. छताखाली रेंगाळू नका, तिथे अडकलेल्या बुडबुड्यांनी पत्रा गंजतो. 6 ऑक्टोबर 1941 च्या बॉम्बहल्ल्यात 4 नंबरच्या होल्डमधला दारूगोळा उडाला, तिथून जहाज फाटलंय. तोफगोळे अजून पडलेत. हात लावू नका.

गमबूट: 15 लिटरची टाकी स्टीलची असेल तर कमरेचं शिसं (वजन) तेवढंच ठेवायचं?

ओहोटी: नाही, कमी करा. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की वर ओढते, स्टीलची तितकी नाही. आदल्या दिवशीच्या सोप्या डाइव्हला तपासा: 50 बार उरलेत, बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) रिकामी, 5 मीटरला स्थिर राहता आलं पाहिजे. बुडत असाल तर एकेक किलो काढा.