बिस्मथ फेराइटच्या थिन फिल्ममधील फोटोकरंट : शॉट्की बॅरियरचा वाटा वेगळा कसा काढावा?

नमस्कार. फेरोइलेक्ट्रिक (म्हणजे व्होल्टेजने उलटवता येणारे अंगभूत विद्युत ध्रुवीकरण असलेल्या पदार्थांच्या) थिन फिल्म हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. बिस्मथ फेराइटच्या फिल्मवर प्रकाश टाकला असता, बाहेरून व्होल्टेज न देताही जो करंट वाहतो त्याचा उगम ठरवताना मी अडलो आहे. या विषयात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या सबस्ट्रेटवर स्ट्रॉन्शियम रुथेनेटचा खालचा इलेक्ट्रोड, त्यावर पल्स्ड लेसरने चढवलेली सुमारे १०० नॅनोमीटरची फिल्म आणि वर आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) पारदर्शक इलेक्ट्रोड, अशी नमुन्याची रचना आहे. फिल्मचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणारी किमान ऊर्जा) २.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असल्याने ४०५ नॅनोमीटरचा लेसर वापरतो. शटर उघडताच इलेक्ट्रोमीटरवर टोकदार उसळी येते, मग करंट खाली येऊन स्थिरावतो आणि शटर बंद करताच उलट्या दिशेची उसळी दिसते. या उसळ्या पायरोइलेक्ट्रिक (तापमान बदलल्यामुळे येणाऱ्या) धरून मी फक्त स्थिरावलेला आकडा घेतो.

पोलिंगची (व्होल्टेज देऊन ध्रुवीकरण एका दिशेला वळवण्याची) दिशा उलटवली की करंटही उलटतो, पण दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येत नाहीत. न बदलणारा भाग इलेक्ट्रोडमधील फरकामुळे आणि उलटणारा भाग बल्क फोटोव्होल्टाइक परिणामामुळे (म्हणजे प्रकाशाने पदार्थाच्या अंतरंगातच उपजणाऱ्या करंटमुळे), अशी विभागणी आमच्याकडे सुचवली गेली. मला ती पटत नाही, कारण ध्रुवीकरण उलटले की दोन्ही टोकांच्या शॉट्की बॅरियरची (इलेक्ट्रोड आणि फिल्मच्या सीमेवरील ऊर्जेच्या अडथळ्याची) उंचीही बदलते, शिवाय पोलिंगच्या व्होल्टेजखाली ऑक्सिजनच्या रिक्त जागा सरकतात. म्हणजे उलटणारा करंटसुद्धा बॅरियरचाच असू शकतो.

प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा बदलण्यासाठी हाफ वेव्ह प्लेट फिरवून पाहिली, करंटमध्ये फरक पडला नाही. मात्र प्रकाश फिल्मवर लंब पडत असताना डोमेनचे (एकाच दिशेचे ध्रुवीकरण असलेल्या भागांचे) चारही प्रकार सारख्या प्रमाणात असतील, तर कोनानुसार होणारे बदल एकमेकांना छेदून जातात, त्यामुळे बल्क परिणाम नाहीच असे यावरून म्हणता येत नाही. २०१० मध्ये बर्कलीच्या गटाने बँड गॅपहून कितीतरी मोठे व्होल्टेज मोजून त्याचे श्रेय डोमेनच्या भिंतींना दिले, तर २०१३ मध्ये हाले येथील माक्स प्लांक संस्थेच्या गटाने त्यामागे बल्क परिणाम असल्याचे मांडले. पण ती मोजमापे आडव्या रचनेतील (दोन्ही इलेक्ट्रोड फिल्मच्या पृष्ठभागावर शेजारी-शेजारी) होती, माझी रचना उभी आहे.

जाडी वाढवत नेल्यास बल्क परिणामाचे ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहू न देता मोजलेले) वाढत जावे आणि बॅरियरचे मर्यादेत थांबावे, असा हिशेब आहे. परंतु ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश वरच्या थरातच बराचसा शोषला जातो आणि जाड फिल्मचा खालचा भाग जवळजवळ अंधारात राहतो. मग ही कसोटी उभ्या रचनेत ग्राह्य धरावी का? की दोन्हीकडे एकाच धातूचे इलेक्ट्रोड घेऊन, द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत मोजमाप करणे अधिक खात्रीचे ठरेल? आडव्या रचनेकडे वळायचे तर १० मायक्रोमीटरच्या फटीला पोलिंगसाठी शंभराहून अधिक व्होल्ट लागतील, आणि त्यात फिल्म ब्रेकडाउन होण्याची मला धास्ती वाटते. असे पोलिंग कोणी केले असल्यास ते किती वेळ आणि कोणत्या तापमानाला केले, हेही कृपया कळवावे.