रिलेच्या सरावासाठी सिंथेटिक ट्रॅक मिळेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी भाची महिलांच्या राष्ट्रीय सांघिक स्पर्धेत ४×१०० रिले (चौघींनी मिळून शंभर-शंभर मीटर पळायची शर्यत) धावणार आहे. चौघी राहतात चार टोकांना: विरार, डोंबिवली, भांडुप, परळ. सध्या शिवाजी पार्कच्या मातीवर सराव चालतो. बॅटन (एकीने पुढचीच्या हातात द्यायची दांडी) बदलायचा ३० मीटरचा पट्टा फक्कीने आखायचा, आणि अर्ध्या तासात क्रिकेटवाली पोरं तो पुसून टाकतात!

पळायला चौघी तुफान आहेत, घोळ होतो तो बॅटन देता-घेताना. पट्ट्याबाहेर बदल झाला की संघ बाद. एकटीच्या शर्यतीत चुकलं तर आपलंच नुकसान, इथे सगळ्या संघाचे गुण जातात. त्यामुळे पोरी धास्तावल्यात.

प्रियदर्शिनी पार्क किंवा मरीन लाइन्सच्या विद्यापीठ मैदानावर बाहेरच्या मुलींना आठवड्यातून दोन सकाळी घेतील का? फी किती, पत्र कुणाचं लागतं? विरारची मुलगी साडेसहाच्या आत पोहोचत नाही, तेवढं लक्षात घ्या.

अजून एक. सिंथेटिक ट्रॅकवर धावण्याच्या शर्यतींना स्पाइक्सचे, म्हणजे धावायच्या बुटांचे, खिळे ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, आणि दुकानदार १२ चेच गळ्यात मारतोय. पाच नंबरचे बूट कुठे मिळतील? वापरलेले असले तरी चालतील.