सनद मिळाली की अभ्यास संपला? वकिलांना सक्तीचं पुढचं शिक्षण असावं का?

बावड्याचा_वकील
कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात फौजदारी काम करतो. माझं म्हणणं असं: वकिलानं ज्या प्रकारचं काम घेतो त्यातला ताजा अभ्यास दर काही वर्षांनी दाखवलाच पाहिजे, आणि सनद चालू राहणं त्यावर ठरावं.

१ जुलै २०२४ ला दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा तिन्ही जुने कायदे एकदम गेले, त्यांच्या जागी नवे आले. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ झालं, अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२. हे आकडे आठवड्यात पाठ होतात. गोची आतल्या बदलांची आहे. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग घ्या. मूळ मोबाइलच कोर्टात हजर केला नाही तर जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब चं प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली जालन्याच्या निवडणूक वादात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल) पक्कं केलं. आता नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ठरलेला नमुना आला. त्याचा 'अ' भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञानं, शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला का ते कळणारा सांकेतिक आकडा) लिहायची. आणि आपल्याकडे? जुन्याच मसुद्यात '६५-ब' खोडून '६३' लिहिलेलं, तज्ज्ञाचा पत्ता नाही. उलटतपासात असला पुरावा अडकला की पक्षकार आपल्या तोंडाकडं बघत बसतो.

सीएला तीन वर्षांत १२० तास शिकावं लागतं. महाराष्ट्रातल्या डॉक्टरला नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. आपल्याला सुरुवातीला एक बार परीक्षा, आणि २०१० च्या आधीच्या सनदधारकांना तीही नाही.

गडहिंग्लजकर
साहेब, तुम्ही जिल्ह्याच्या गावात बसून बोलताय. आमच्याकडं सकाळी मनाईचा अर्ज, मग चेक बाऊन्स, दुपारनंतर पोटगी, आणि मधेच तहसीलदारापुढं फेरफाराची तक्रार. 'ज्या प्रकारचं काम' म्हणजे माझं कुठलं? सगळ्याचे तास भरायचे तर कोर्टात उभा कधी राहू?

आणि हे तास मोजणार कोण? पैसे भरायचे, व्हिडिओ लावून ठेवायचा, तोवर जेवून यायचं, शेवटी सर्टिफिकेट डाउनलोड. दुकानं उघडतील नुसती. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची अट होती, ती २०१६ मध्ये काढून टाकली. त्यांनी सोडलेलं आपण कशाला उचलायचं?

बावड्याचा_वकील
त्यांनी तास सोडले, जबाबदारी सोडली नाही. तिथं दरवर्षी लिहून द्यावं लागतं की माझ्या कामाला काय कमी पडतंय ते मी तपासलं आणि शिकून घेतलं. तेवढं इथं आणा, तास नकोत मलाही.

नवी_सनद
ज्युनिअर म्हणून विचारते, फी कोण भरणार? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बरं का! मला मिळतात त्यात पेट्रोल सुटतं.

पण शिक्षण नको असं नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहा जिल्ह्यांचं काम इथं. पूर्वी फाइल मुंबईच्या वकिलाकडं धाडली की आपलं काम संपायचं. आता हायकोर्टातली रिट याचिका आपणच लिहायची, अपिलाचे मुद्दे आपणच काढायचे. ते आम्हाला शिकवणार कोण? सिनिअर साहेबांनाही ते नवीनच आहे, फक्त ते बोलत नाहीत.

शाहूवाडीचा_पक्षकार
वकीलसाहेब मंडळी, आमचंही ऐका. मुलींना मुलांइतका हिस्सा देणारी कायदादुरुस्ती २००५ ची, आणि आजोबा त्याआधी वारले म्हणून माझ्या आईला मामांच्या बरोबरीचा हिस्सा मिळणार नाही, असं आमच्या वकिलांनी ठामपणे सांगितलं. हे २०२२ सालचं. नंतर समजलं की त्याच्या दोन वर्षं आधीच सुप्रीम कोर्टानं विनिता शर्मा खटल्यात सांगितलं होतं की मुलीचा हक्क जन्मानं येतो, वडील २००५ ला हयात असायची गरज नाही. तोवर आईनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर सुप्रीम कोर्टाच्या मे २०२४ च्या निकालानं वकिलांची सेवा त्यातून बाहेर काढली. आम्ही जायचं कुठं?

गडहिंग्लजकर
वाईट झालं दादा. पण रस्ता पूर्ण बंद नाही. निष्काळजीपणाचा दिवाणी दावा लावता येतो.

शाहूवाडीचा_पक्षकार
वकिलावर दावा लावायला त्याच बार रूममधला वकील वकीलपत्र घेईल काय?

गडहिंग्लजकर
(या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, खरं सांगतो.)

पण सक्तीबद्दल माझा मूळ आक्षेप अजून शिल्लक आहे. नव्या प्रक्रिया संहितेचं कलम २२३ म्हणतं, खासगी तक्रारीत कोर्टानं दखल घेण्याआधी आरोपीला ऐका. मग चेकच्या केसेसमध्येही ऐकायचं का? यावर मतं वेगळी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चेकच्या केसमध्ये त्याची गरज नाही असं सांगितलं. त्याआधी एखाद्यानं तास भरून परीक्षा दिली असती, तर बरोबर उत्तर कुठलं धरलं असतं? कायदाच हलत असताना सर्टिफिकेट कशाचं देताय?

बावड्याचा_वकील
हलतोय म्हणूनच तर! दोन मतं आहेत एवढं ठाऊक असलेला वकील पक्षकाराला धोका आधी सांगतो. न ठाऊक असलेला "काही होत नाही, मी आहे" म्हणतो.

नवी_सनद
वकील अधिनियम १९६१ मध्ये बार कौन्सिलनं चर्चासत्रं आणि व्याख्यानं घ्यावीत हे आधीपासून लिहिलंय. ती तालुक्याला, सुट्टीच्या शनिवारी, फुकट होऊ देत की. सक्तीचं भांडण नंतर करा.

गडहिंग्लजकर
फुकट असेल आणि गडहिंग्लजला असेल तर मी पहिल्या रांगेत. पण न आलेल्याची सनद अडवायला माझा विरोधच. बायकोच्या बाळंतपणात एखादा दोन वर्षं कुठं फिरकला नाही, तर त्याला कोर्टातून हाकलणार काय?

बावड्याचा_वकील
मुदत वाढवून द्या त्याला. वीस वर्षं न फिरकलेल्याचं बोला.

शाहूवाडीचा_पक्षकार
तुमचं ठरेल तेव्हा ठरेल. आईचं हक्कसोडपत्र रद्द करायचा दावा लावायचाय, आत्ता. वकील कसा पारखायचा तेवढं सांगा.

नवी_सनद
दादा, हक्कसोडपत्राची प्रत आणि सातबारा, फेरफार घेऊन जा. आईला चूक कधी कळली ती तारीख आधी सांगा, कारण दावा लावायच्या मुदतीचा प्रश्न तिथंच येणार. मग २०२० चा तो निकाल आणि मुदत, दोन्हीवर त्यांचं म्हणणं विचारा. फाइल न वाचताच "होऊन जाईल" म्हणाले तर उठा, फी विचारायच्या आधी.